जळगाव कोणते? जुने की नवे?

जळगाव लोकसभा मतदारसंघातून २००४ साली कोण निवडून आले आणि २००९ साली कोण, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या पुस्तकात सहज विचारला जाईल. उत्तरही सोपे आहे. २००४ साली वाय. जी. महाजन, २००९ साली ए. टी. पाटील. मात्र या उत्तरात एक गंमत दडलेली आहे. या दोघांना निवडून देणारे मतदार बहुतांशी वेगळे होते. पहिल्याला भुसावळ, यावल, रावेरकडच्या केळीवाल्यांनी मते दिली, तर दुसऱ्याला अमळनेर, चाळीसगाव, पाचोऱ्याच्या कापूसवाल्यांनी. पाटी एकच, ‘जळगाव’. दुकान मात्र बदललेले. आज मला या बदललेल्या दुकानाचीच हकीकत सांगायची आहे.

मतदारसंघ ही मोठी विलक्षण चीज आहे. तालुक्याला कचेरी असते, जिल्ह्याला जिल्हाधिकारी असतो, गावाला वेस असते. मतदारसंघाला यातले काहीच नसते. त्याची हद्द कुठे सुरू झाली हे सांगणारा दगड रस्त्याच्या कडेला रोवलेला नसतो. सातबाऱ्यावर त्याचे नाव येत नाही. पाच वर्षांतून एकदा तो जागा होतो आणि निकाल लागला की पुन्हा कागदात जाऊन झोपतो. पण तुमचा आवाज कुणाच्या आवाजात मिसळायचा, हे हाच कागद ठरवतो. गल्लीतल्या माणसाचे मत शेजारच्या गल्लीबरोबर मोजायचे की वीस कोसांवरच्या पाड्याबरोबर, हा निर्णय त्या रेषेचा असतो. म्हणून या रेषांचा इतिहास हा आपल्याच आवाजाचा इतिहास आहे, असे मला वाटते.

आपल्या खानदेशाची पहिली मोठी रेषा १९०६ साली पडली. तोवर सबंध खानदेश हा एकच जिल्हा होता आणि धुळे हे त्याचे ठाणे. त्या वर्षी त्याचे दोन तुकडे झाले. पूर्व खानदेशाचा कारभार जळगावहून चालू लागला, तर पश्चिम खानदेशाचा धुळ्याहून. दोन्ही शहरांना नगरपालिका मात्र त्याच्या कितीतरी आधी मिळाल्या होत्या. धुळ्याला १८६२ साली, जळगावला १८६४ साली. लॉर्ड रिपनच्या १८८२च्या ठरावानंतर नगरपालिकांत लोकनियुक्त सभासद वाढू लागले. रस्ता, दिवाबत्ती, गटार, बाजार या बाबतींत शहराला स्वतःचे असे मत मिळाले.

विधिमंडळात तसे नव्हते. १९१९च्या कायद्याने शहरी आणि ग्रामीण असे मतदारसंघ वेगळे केले. मुंबई इलाख्यात मुंबई, पुणे, सोलापूर, अहमदाबाद, सुरत, कराची अशा शहरांना स्वतःच्या जागा मिळाल्या. त्या यादीत ना जळगाव होते, ना धुळे. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे दोन्ही ग्रामीण म्हणूनच गणले गेले. कापसाच्या गिरण्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, वकिलांच्या पेढ्या, छापखाने आपल्या शहरांत होते. पण कायद्याच्या लेखी ही गावे खेड्यांच्या गर्दीतली दोन मोठी खेडीच होती.

१९३५च्या कायद्याने मताचा अधिकार वाढला, तरी तो सरसकट सर्वांना नव्हता. शेतसारा, घरपट्टी, शिक्षण अशा अटी होत्याच. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि लगेच १९३७ साली निवडणुका झाल्या. त्या वेळी पूर्व खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे भाग पाडलेले होते. त्यांतल्या पूर्व भागातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव निवडून आले. ‘पूर्व खानदेश पूर्व’ हे मतदारसंघाचे नाव आज कुणाच्या लक्षातही नसेल. पण खानदेशातला दलित समाजाचा माणूस मुंबईच्या विधिमंडळात बसला, तो या विसरलेल्या नावाच्या जागेवरून.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत मिळाले आणि रेषा नव्याने आखल्या गेल्या. १९५१-५२च्या पहिल्या लोकसभेत जळगावमधून हरी विनायक पाटस्कर गेले, भुसावळमधून शिवराम रंगो राणे. पाटस्कर हे चोपड्याचे वकील. केंद्रात विधी खात्याचे मंत्री असताना १९५५चा हिंदू विवाह कायदा संसदेतून पार नेण्याचे काम त्यांनी केले. देशभरच्या स्त्रियांच्या आयुष्याला स्पर्श करणारा हा कायदा ज्या मंत्र्याने मांडला, त्याला संसदेत पाठवणारा मतदारसंघ जळगाव होता, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगायला हवी.

पाचच वर्षांत पाट्या पुन्हा बदलल्या. १९५७ साली जळगाव हे नाव जाऊन ‘पूर्व खानदेश’ आले. भुसावळ हे नाव गेले आणि राणे बुलढाण्यातून निवडून आले. ती संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेतली निवडणूक होती. पूर्व खानदेशाने नौशेर भरुचा या मुंबईच्या पारशी गृहस्थांना दिल्लीला पाठवले. धुळ्याने जनसंघाच्या उत्तमराव पाटलांना निवडून दिले. त्या वर्षी सबंध देशात जनसंघाचे चारच खासदार होते. त्यांपैकी एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक आपले धुळ्याचे उत्तमराव. हेच उत्तमराव पुढे बत्तीस वर्षांनी, १९८९ साली, पुन्हा लोकसभेत गेले. या वेळी मतदारसंघ होता एरंडोल.

आता एरंडोलविषयी. धुळे-जळगाव रस्त्यावरचे, अंजनी नदीच्या काठचे हे जुने गाव. पांडववाडा, जवळचे पद्मालय आणि एके काळी हाताने केलेला कागद ही त्याची ओळख. रेल्वे गेली जळगाव-भुसावळवरून, तिच्याबरोबर व्यापार गेला आणि एरंडोल लहानच राहिले. अमळनेर आणि चाळीसगाव ही गावे त्याहून बरीच मोठी. तरी जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोकसभा मतदारसंघाला नाव मिळाले ते एरंडोलचे. तीस हजार वस्तीचे गाव लाखो मतदारांचे नाव घेऊन दिल्लीच्या सभागृहात पुकारले जाऊ लागले. १९७७ साली तिथून सोनूसिंग पाटील गेले, ते मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात गृह खात्याचे राज्यमंत्री झाले. पुढे विजय नवल पाटील, उत्तमराव पाटील, अण्णासाहेब एम. के. पाटील यांनी ही जागा सांभाळली.

जिल्ह्याचा पूर्व भाग होता ‘जळगाव’. त्यात जळगाव शहर आणि त्याच्या जोडीला भुसावळ, यावल, रावेरची बाजू. यशवंत बोरोले, वाय. एस. महाजन, गुणवंतराव सरोदे, डॉ. उल्हास पाटील, वाय. जी. महाजन ही तिथली नावे. तापीकाठची केळी, भुसावळचे रेल्वे कामगार आणि जळगावची दाणाबाजार-सराफ बाजारची पेठ असे हे एकत्र कुटुंब होते.

विधानसभेच्या बाबतीतही शहर एकटे नव्हते. याचे कारण राजकारणात शोधण्याआधी साध्या भागाकारात शोधावे. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. १९७६च्या आदेशाने विधानसभेच्या जागा २८८ झाल्या. म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी पावणेदोन लाख माणसे. जळगाव शहराची वस्ती तेव्हा सुमारे १ लाख ७ हजार होती, धुळ्याची सुमारे १ लाख ३७ हजार. मतदारसंघाचे माप भरायचे तर भोवतालची खेडी जोडावीच लागणार. अशा रीतीने जुना ‘जळगाव’ आणि जुना ‘धुळे’ हे मतदारसंघ शहर आणि शिवार यांची मोट बांधून तयार झाले. धुळे तालुक्याच्या उरलेल्या खेड्यांसाठी ‘कुसुंबा’ हा मतदारसंघ होता.

मी शाळामास्तर. नागरिकशास्त्र शिकवणारा. त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी माझ्या पाचवीलाच पुजलेली. कधी शहरातल्या शाळेत केंद्र, कधी गिरणाकाठच्या एखाद्या गावात. शहरातल्या केंद्रावर लोक पाणी, गटार, घरपट्टी यांवर बोलत रांगेत उभे असत. खेड्यातल्या केंद्रावर विषय असत कापसाचा भाव, विजेचे भारनियमन आणि पाटाचे पाणी. दोन्हीकडे उमेदवार तेच, चिन्हे तीच. सकाळी पेठेत हात जोडणाऱ्या माणसाला संध्याकाळी पारावर बसून कापसाच्या बोंडाबद्दल बोलावे लागे. कुणाला आवडो न आवडो, शहर आणि खेडे यांची ही सक्तीची सोबत तीस वर्षे चालली. त्यात खेड्याचा तोटा असा की पुढारी शहराचा असे. शहराचा तोटा असा की शहर झपाट्याने वाढत असताना त्याच्या प्रश्नांना वेगळा वाली नसे. फायदा एकच, पण मोठा. दोघांनाही एकमेकांचे प्रश्न ऐकावे लागत.

या जुन्या मतदारसंघांचा शेवट जवळ आला, तेव्हा जिल्ह्याच्या वाट्याला एक कडू प्रसंग आला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे प्रकरण एका वृत्तवाहिनीने उघड केले. २३ डिसेंबरला लोकसभेने आपल्या दहा सदस्यांना सभागृहातून काढून टाकले. त्यांत एरंडोलचे एम. के. पाटील होते आणि जळगावचे वाय. जी. महाजनही होते. सबंध देशातून दहा जण, त्यांतले दोन एकाच जिल्ह्याचे. आणि जिल्ह्याला जागाच दोन! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जानेवारी २००७ रोजी न्यायालयाने सभागृहाचा अधिकार मान्य केला. त्यानंतर पोटनिवडणुका झाल्या. एरंडोलमधून राष्ट्रवादी काँग्रेसचे वसंतराव मोरे, तर जळगावमधून भाजपचे हरिभाऊ जावळे निवडून आले.

या हकिकतीत व्यक्तींची चर्चा खूप झाली. मला मात्र त्या वर्षभराहून लांबलेल्या रिकामपणाचे महत्त्व अधिक वाटते. २००१च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ३६ लाख ८२ हजारांवर होती. एवढ्या लोकांच्या वतीने लोकसभेत बोलायला एकही माणूस नव्हता. ना केळीच्या रेल्वे वॅगनसाठी, ना कापसाच्या हमीभावासाठी. प्रतिनिधी म्हणजे काय, हे वर्गात फळ्यावर लिहून जितके समजत नाही, तितके त्या रिकाम्या दोन खुर्च्यांनी समजावले.

इकडे दुसरे एक काम चालूच होते. २००२च्या कायद्याने न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. परिसीमन म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणे. राज्याच्या एकूण जागा तेवढ्याच ठेवायच्या होत्या, फक्त राज्याच्या आतल्या हद्दी २००१च्या जनगणनेप्रमाणे बदलायच्या होत्या. १९ फेब्रुवारी २००८ पासून नवी रचना लागू झाली.

पुन्हा तोच भागाकार करून पाहू. २००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख. तिला २८८ने भागले तर एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसे येतात. जळगाव शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३ लाख ६८ हजार होती आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ४१ हजार. शहरे वाढून बरोबर एका आमदाराच्या मापाची झाली होती! २००३ साली दोन्ही ठिकाणी महानगरपालिका आल्या होत्या. आता खेडी जोडण्याची गरज उरली नाही. ‘जळगाव शहर’ आणि ‘धुळे शहर’ असे दोन मतदारसंघ जन्माला आले. त्यांच्या बाहेर ‘जळगाव ग्रामीण’ आणि ‘धुळे ग्रामीण’ झाले. जे १९१९ साली पुण्या-सोलापूरला मिळाले होते, ते खानदेशाच्या शहरांना नव्वद वर्षांनी मिळाले.

हाच भागाकार जिल्ह्यालाही लागला. ३६ लाख ८२ हजारांना ३ लाख ३६ हजारांनी भागले की अकरा येतात. जिल्ह्याच्या बारा जागांच्या अकरा झाल्या. पारोळा आणि यावल ही नावे विधानसभेच्या यादीतून गेली, एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. धुळे जिल्ह्यातले कुसुंबा गेले. आता महाराष्ट्रात एका खासदारामागे सहा आमदार असा हिशेब आहे. अकराच जागा असतील, तर दोन लोकसभा मतदारसंघांना एक कमी पडते. ती शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून, मलकापूरमधून घेतली गेली. मलकापूर पूर्वेकडच्या गटात आले. त्या गटात चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि मलकापूर अशा सहा जागा झाल्या आणि त्याचे नाव पडले ‘रावेर’. जळगाव शहर आणि जळगाव ग्रामीण हे अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा यांच्या पंगतीत जाऊन बसले. या पश्चिमेकडच्या गटाचे नाव ठेवले ‘जळगाव’.

म्हणजे झाले असे, की जुने एरंडोल बरेचसे नव्या जळगावात आहे आणि जुने जळगाव बरेचसे रावेरमध्ये. पुसले गेले म्हणून ज्याची आपण हळहळ करतो, ते एरंडोल शहराचे नाव लावून नांदते आहे. याचा सर्वांत सरळ पुरावा हरिभाऊ जावळे. ते २००७ साली जळगावचे खासदार होते आणि २००९ साली रावेरचे. त्यांनी आपला मुलूख सोडला नव्हता. मुलखाचेच नाव बदलले होते. नंतरच्या एका निवडणुकीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलेही होते, ‘सर, घर तेच, वावर तेच, मग खासदाराच्या गावाचं नाव कसं बदललं?’

धुळ्याची कथा आणखी निराळी. धुळे लोकसभा मतदारसंघ २००४च्या निवडणुकीपर्यंत अनुसूचित जमातींसाठी राखीव होता. २००९ साली तो खुला झाला. साक्री आणि शिरपूर हे भाग नंदुरबारकडे गेले. धुळ्याच्या वाट्याला जिल्ह्यातल्या तीनच विधानसभा जागा उरल्या, म्हणून नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण जोडले गेले. नाव धुळे, पण निम्मे घर नाशिक जिल्ह्यात. २०२४ साली शोभा बच्छाव तिथून अवघ्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. इतक्या थोड्या फरकाच्या निकालात रेष दोन कोस इकडे की तिकडे, याला किती किंमत आहे हे वेगळे सांगायला नको.

रेषा जुन्या झाल्या की काय होते, याचे उदाहरण इंग्लंडने दाखवले आहे. ओल्ड सेरम नावाच्या जवळजवळ ओसाड झालेल्या गावाचे दोन सदस्य १८३२ पर्यंत पार्लमेंटात बसत होते. त्याच वेळी गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही सदस्य नव्हता. नावाला चिकटून बसले की माणसे हिशेबातून सुटतात. म्हणून रेषा बदलल्या पाहिजेत, यात वाद नाही. एरंडोलचे नाव गेले म्हणून रडत बसण्याचे कारणही नाही.

पण रेष बदलली की सोबतही बदलते, हे विसरू नये. शहराला स्वतःचा आमदार मिळाला ही न्यायाचीच गोष्ट झाली. सुरेशदादा जैन यांच्यासारखे नेते १९८०च्या दशकापासून २०१४ पर्यंत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जळगावांचे आमदार राहिले. त्यांच्या काळात हा बदल फारसा जाणवला नसेल. आता मात्र शहराच्या उमेदवाराला कापसाच्या भावावर बोलावे लागत नाही आणि ग्रामीणच्या उमेदवाराला बाजार समितीपलीकडच्या पेठेचे दुखणे विचारावे लागत नाही. शहराचा भाजीपाला, दूध, कामगार आणि पाणीसुद्धा शिवारातून येते. शिवाराचा दवाखाना, कॉलेज आणि बाजार शहरात आहे. मतांची वाटणी झाली, तरी जगण्याची वाटणी झालेली नाही. ही दोन टोके आता भेटतात ती फक्त लोकसभेच्या निवडणुकीत.

२००१च्या ८४व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवली. हा खडक कधी ना कधी फुटणारच आहे. मागच्या खेपेस आयोगाने प्रस्ताव प्रसिद्ध केले होते आणि हरकती मागवल्या होत्या. पण अशा सुनावणीला जातात ते पक्षांचे कार्यकर्ते आणि इच्छुक उमेदवार. सामान्य मतदाराला आपला मतदारसंघ बदलल्याचे कळते ते मतदानाच्या दिवशी, यादीत नाव शोधताना.

पुढच्या वेळी असे होऊ नये, एवढीच माझी इच्छा. नकाशा आला की तो उलगडून पाहावा. आपले गाव कुणाबरोबर बसवले आहे, आपला बाजार कुठे, आपली नदी कुठली, आपला रस्ता कुणाशी जोडलेला, हे पडताळावे आणि पटले नाही तर मुदतीत लिहून कळवावे. पाटी कुठल्या गावाची लागते याला फारसे महत्त्व नाही. पाटीखाली कोण कोण उभे आहे, ते बघावे.